कॅबिनेटमधला वारा

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघाले की मांजरसुंब्याच्या आसपास बालाघाटाचे डोंगर जवळ येतात. या डोंगरांत कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी, पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारा धबधबा आणि कार्तिक पौर्णिमेची यात्रा यांमुळे हे ठिकाण मराठवाड्याला जितके ओळखीचे, तितकेच शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातल्या लिंगायत कुटुंबांनाही. यात्रेच्या दिवसांत दिंड्या पायी येतात, डोंगरातली वाट माणसांनी भरून जाते आणि पायांखालची माती हवेत उठते. डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या पंख्यांवरच्या पुस्तिकेने पहिले पान इथे उघडावे, याचे वाचकाला नवल वाटेल. कारण इथल्या हवेत आहे.

मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि ४२ अंशांचा दिवस उजाडला तरी कोणी त्याची बातमी करत नाही. रस्त्याची बारीक माती, कापूस पट्ट्यातली तूस, पावसाळ्यात दमट झालेली हवा आणि मध्येच जाणारी लाईट, हे सगळे इथल्या कॉम्प्युटरच्या वाट्याला येते. हे कॉम्प्युटर हौसेचेही नसतात. आपले सरकार सेवा केंद्र, फोटो स्टुडिओ, एमएस-सीआयटीचा वर्ग, पतसंस्था, शाळेचे कार्यालय अशा ठिकाणी ते सकाळी चालू होतात आणि दुकानाचे शटर पडेपर्यंत चालतात. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानंतर उत्पन्नाच्या दाखल्यापासून कितीतरी कागद अशाच एखाद्या यंत्रातून निघू लागले. पीकविम्याच्या ‘बीड पॅटर्न’ने जिल्ह्याचे नाव राज्यभर गाजले, त्या विम्याचा अर्जही गावातल्या केंद्राच्या कॉम्प्युटरवरच भरला जातो. जुलैअखेरची मुदत जवळ आली की केंद्रासमोर रांग लागते. त्या रांगेपुढे यंत्र गरम होऊन बंद पडले तर शेतकऱ्याचा अख्खा दिवस वाया जातो.

कॅबिनेटच्या खोक्यावर आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकात छापलेले तापमानाचे आकडे मात्र बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या स्वच्छ खोलीतले असतात. पेंटियम ४ च्या काळात इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी एक आराखडा काढला होता. त्यात खोलीचे तापमान ३५ अंश धरले होते आणि प्रोसेसरच्या पंख्यापर्यंत पोचणारी हवा ३८ अंशांपेक्षा गरम असू नये, अशी अट होती. म्हणजे खोली आणि प्रोसेसर यांच्या मधल्या प्रवासात हवेने जेमतेम तीन अंश तापायचे. ही अट पाळता यावी म्हणून बाजूच्या पत्र्याला आतून नरसाळ्याच्या आकाराची प्लॅस्टिकची नळी बसवत. आजही जुन्या कॅबिनेटच्या ढिगाऱ्यात ती नळी सापडते आणि ती कशासाठी आहे हे ठाऊक नसल्याने कित्येक दुकानांत काढून फेकली जाते. पस्तीस अंश ही त्या आराखड्यातली कडक परीक्षा होती. बीडच्या मे महिन्यात पस्तीस अंश म्हणजे बरी संध्याकाळ.

पंखा हवेला थंड करत नाही, ही गोष्ट सर्वांना माहीत असते आणि विकत घेताना सर्वजण विसरतात. सीलिंग फॅनखाली माणसाला गार वाटते ते घाम वाळतो म्हणून. प्रोसेसरला घाम येत नाही. पंख्याचे काम एवढेच की तापलेली हवा उचलून बाहेर न्यायची आणि तिच्या जागी खोलीतली हवा आणायची. त्यामुळे कॅबिनेटमध्ये कितीही पंखे बसवले तरी आतले तापमान खोलीच्या तापमानाखाली जाणार नाही. खोली एक अंशाने तापली की चिपही जवळपास एक अंशाने तापते. खोली ३० अंशांवर असताना ७० अंशांवर चालणारा प्रोसेसर खोली ४२ अंशांवर गेली की ८२ च्या आसपास पोचणार, हा हिशेब बोटांवर करता येतो. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ आणि एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर ९५ अंशांना स्वतःचा वेग कमी करू लागतात. नव्वदीत जगणाऱ्या यंत्राला मराठवाड्यात उन्हाळा काढायला जागाच उरत नाही.

मग पंख्यांची मांडणी करून साधते काय? खोली आणि चिप यांच्यातले अंतर कमी होते. हे अंतर कशाने वाढते हे पाहायचे तर यात्रेतली दर्शनबारी आठवावी. आत जायचे दार वेगळे, बाहेर पडायचे वेगळे आणि मधली वाट मोकळी असेल तर हजारो माणसे गडबड न होता पुढे सरकतात. येणारे आणि जाणारे एकाच दारात भेटले की दहा स्वयंसेवक वाढवूनही उपयोग होत नाही. कॅबिनेटमधली गरम हवा आणि ताजी हवा यांचे नेमके तेच होते.

आता थोडे आकडे. हवेने किती उष्णता उचलायची आणि त्यासाठी ती किती हवी, याचे गणित शाळेतल्या विज्ञानाएवढेच आहे. यंत्र जेवढे वॅट वीज खाते तेवढी जवळपास सगळी शेवटी उष्णता होते. त्या वॅटना १.७६ ने गुणावे आणि हवेचे तापमान जितके अंश वाढू द्यायचे त्याने भागावे. उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला इतके घनफूट असे येते. सेवा केंद्रातले साधे यंत्र १०० वॅट खात असेल आणि हवा दहा अंशांनी तापलेली चालणार असेल तर सुमारे १८ सीएफएम पुरते. व्हिडिओ एडिटिंगचे किंवा गेमचे यंत्र ५०० वॅट खात असेल तर ८८ सीएफएम लागते. बाजारातला आर्क्टिक पी १२ हा १२० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला १८०० फेऱ्यांवर ५६.३ सीएफएम हवा हलवतो, असे त्याची कंपनी सांगते. हा आकडा मोकळ्या हवेतला आहे. समोर जाळी, तिच्यामागे फिल्टर, त्यामागे वायरींचा गुंता आला की त्याचा बराच भाग गळून जातो. तरीही साध्या यंत्राला असा एक पंखा पुरून उरतो. सेवा केंद्राच्या यंत्रात सहा पंखे बसवून देणारा दुकानदार आपला धंदा करत असतो.

याच गणितात एक बारीक मेख आहे आणि ती बालाघाटावर लागू पडते. १.७६ हा गुणक समुद्रसपाटीच्या वीस अंशांच्या हवेसाठी आहे. बीडचा परिसर पाचशे मीटर उंचीवर आहे, आणि उन्हाळ्यात हवा चाळिशीच्या पुढे तापलेली असते. उंची आणि उष्णता दोन्हींनी हवा विरळ होते. ४२ अंशांच्या दुपारी इथली हवा त्या पुस्तकी हवेपेक्षा साधारण १२ टक्क्यांनी हलकी भरते. पंखा तितकाच फिरतो, तितकेच घनफूट ढकलतो, पण त्या घनफुटांत हवेचे वजन कमी असते आणि उष्णता उचलते ते वजन. म्हणून इथे हिशेबापेक्षा थोडा जास्त प्रवाह धरावा. फरक प्रचंड नाही, पण उन्हाळ्याच्या बाकी अडचणींत त्याची भर पडते.

यंत्राच्या उष्णतेशी झगडा महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकात २,७०० व्हॅक्युम ट्यूब होत्या. ट्यूबमधली तार तापल्याशिवाय ती चालतच नाही, त्यामुळे त्या पिढीच्या यंत्रांत उष्णता हा कामाचाच भाग होता आणि ती बाहेर कशी काढायची हा प्रश्न यंत्राच्या आराखड्याबरोबरच सोडवावा लागे. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला. पुढे पुण्याच्याच आयसरमध्ये २०१९ साली राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली परम ब्रह्म बसला, तेव्हा चिपांवरची उष्णता वाहून नेण्याचे काम हवेऐवजी मुख्यतः द्रवाकडे आले होते. नवी मुंबई आणि पनवेलच्या डेटा सेंटरांत सर्व्हरच्या रांगा अशा लावतात की सगळ्यांची तोंडे एका गल्लीत आणि पाठी दुसऱ्या गल्लीत येतात. एका गल्लीतून गार हवा आत जाते, दुसरीत गरम हवा साठते आणि तिथून बाहेर काढली जाते. शेकडो कोटींच्या इमारतीतला हा नियम टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यालाही तसाच लागू आहे.

त्या डब्याचा स्वतःचा इतिहासही चुकांनी भरलेला आहे. १९८० मध्ये आलेल्या ॲपल ३ मध्ये पंखा नसावा असा स्टीव्ह जॉब्झचा हट्ट होता. आवाज नको म्हणून उष्णता ॲल्युमिनियमच्या बुडातून बाहेर जाईल असे मानले गेले. यंत्रे तापली, चिपा सॉकेटमधून सैल झाल्या आणि पहिल्या खेपेतली यंत्रे कंपनीला बदलून द्यावी लागली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा आराखडा आणला. त्याच्या सुरुवातीच्या रूपात एसएमपीएसचा पंखा बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडेल अशी कल्पना होती. कल्पना कागदावर सुंदर होती. प्रत्यक्षात एसएमपीएसने आधीच तापवलेली हवा प्रोसेसरला मिळू लागली आणि पुढे पंख्याची दिशा उलटी झाली. २००४ च्या सुमारास इंटेलनेच बीटीएक्स पुढे केला. त्यात प्रोसेसर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला येई आणि हवा सरळ रेषेत समोरून मागे जाई. हवेच्या दृष्टीने तो एटीएक्सपेक्षा सरस होता. बाजाराने मात्र त्याला जवळ केले नाही आणि २००६ मध्ये इंटेलने तो सोडून दिला. तीस वर्षांपूर्वीच्या एटीएक्सच्या डब्यात आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड बसवले जातात. पंख्यांच्या मांडणीवर लिहावे लागते ते म्हणूनच.

ग्राफिक कार्डाने तर सगळे हिशेब बदलले. इंटेलच्या कोअर आय ९-१४९००के ची टर्बोतली कमाल मर्यादा २५३ वॅट. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० ची ४५० वॅट. कॅबिनेटमधला सर्वांत मोठा तापणारा भाग आता प्रोसेसर राहिलेला नाही. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक कार्डांवर दोन-तीन उघडे पंखे असतात आणि ते आपली उष्णता कॅबिनेटमध्येच सोडतात. ती वर चढते आणि प्रोसेसरच्या हीटसिंकच्या तोंडाशी जाऊन उभी राहते. त्यामुळे ‘प्रोसेसर तापतो’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकाच्या यंत्रात दोष पुष्कळदा कार्डाच्या गरम हवेचा असतो आणि महागडी थर्मल पेस्ट लावून त्यावर उतारा पडत नाही. कार्डाला खालून आणि समोरून ताजी हवा मिळाली की दोघेही निवतात.

मांडणीचा मूळ साचा जुनाच आहे आणि तो अजून मोडलेला नाही. हवा समोरून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर. दुकानात याला इनटेक आणि एक्झॉस्ट म्हणतात. समोर दोन, मागे एक, एवढ्यात बहुतेकांचे काम होते. वरच्या पत्र्यावर पंखा बसवायचाच असेल तर मागच्या बाजूला, प्रोसेसरच्या वर बसवावा. वर पुढच्या बाजूला बाहेर फेकणारा पंखा बसवणे ही हमखास होणारी चूक. समोरच्या पंख्याने नुकतीच आत आणलेली ताजी हवा तो काम होण्याआधीच छतातून बाहेर काढून टाकतो. गरम हवा वर चढते म्हणून वर पंखा हवाच, असे जे सांगतात त्यांचे म्हणणे उदबत्तीच्या धुरापुरते खरे आहे. पंखे फिरू लागले की त्या चढण्याचा जोर त्यांच्यापुढे नगण्य ठरतो आणि हवा पंखा नेईल तिकडे जाते. २०२१ मध्ये आलेल्या फ्रॅक्टल डिझाइनच्या टॉरेंट या कॅबिनेटला वर पंख्याची जागाच ठेवलेली नाही. समोर १८० मिलिमीटरचे दोन आणि तळाला १४० मिलिमीटरचे तीन, असे पाच पंखे नुसती आत हवा ढकलतात आणि ती मागच्या जाळीतून आपली वाट काढते. हवा खेळवण्यात उत्तम गणल्या गेलेल्या कॅबिनेटांत त्याचे नाव घेतात.

पंखा उलटा बसवणे हाही एक नित्याचा प्रकार आहे. समोरचे दोन्ही पंखे बाहेर फेकताहेत आणि मागचाही बाहेरच फेकतो आहे, असे यंत्र कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात महिन्यातून एकदा तरी येते. खूण सोपी आहे: ज्या बाजूला पंख्याची मोटर धरणाऱ्या दांड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुष्कळ पंख्यांच्या चौकटीवर दिशेचे बाणही असतात. तेही दिसत नसतील तर पेटती उदबत्ती जाळीपासून थोडी दूर धरावी आणि धूर कुठे जातो ते पाहावे. पैसे मोजून मिळणाऱ्या कोणत्याही उपकरणापेक्षा हवेचा रस्ता ती जास्त चांगला दाखवते. धूर एखाद्या फटीतून आत ओढला जात असेल तर त्याच फटीतून धूळही आत जात असते.

हा धुळीचा मुद्दा परदेशी मार्गदर्शकांत दोन ओळींत आटोपतो. इथे त्याला एक प्रकरण द्यावे लागले. कॅबिनेटमध्ये जितकी हवा आत ढकलली जाते त्यापेक्षा जास्त बाहेर काढली जात असेल तर आत दाब कमी होतो आणि उरलेली हवा यूएसबीच्या भोकांतून, पत्र्याच्या सांध्यांतून, मागच्या रिकाम्या पट्ट्यांतून ओढली जाते. तिथे फिल्टर नसतो. उलट आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली की सगळ्या फटींतून हवा बाहेर ढकलली जाते आणि धूळ फक्त फिल्टरमधूनच येऊ शकते. महामार्गाला लागून असलेल्या दुकानात, जिनिंगच्या आसपासच्या कार्यालयात किंवा यात्रेच्या वाटेवरच्या फोटोवाल्याकडे ही दुसरी मांडणीच ठेवावी, असे या पुस्तिकेचे स्पष्ट मत आहे. दोन-तीन अंश जास्त आले तरी चालतील. पंखे मोजताना मात्र फसगत होते: समोर दोन आणि मागे-वर दोन असले की बरोबरी झाली असे वाटते, पण समोरच्या दोघांना फिल्टरमधून ओढावे लागते आणि मागचे मोकळे फेकतात. फिल्टरवर महिन्याभराची धूळ बसली की हा तोल आणखी बिघडतो. तेव्हा फिल्टर धुणे हाही पंख्यांच्या मांडणीचाच भाग.

धूळ आत साठली की हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा नमदा तयार होतो. कापसाची तूस असेल तर तो इतका घट्ट बसतो की पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो आणि पलीकडे हवा येतच नाही. ब्लोअर मारून तो निघतो, पण ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. दुकानात घाईत असलेली पोरे हे हटकून विसरतात.

आता मराठवाड्यातल्या सर्वांत लोकप्रिय उपायाकडे वळावे: बाजूचा पत्रा काढून समोर टेबल फॅन लावणे. जाणकार त्याला हसतात. हसण्याचे कारण नाही, कारण तो उपाय चालतो. ग्राफिक कार्ड गरम हवेत गुदमरत असेल तर पत्रा काढताच तापमान झटकन उतरते आणि एवढा मोठा पंखा समोर असल्यावर तर उतरणारच. पण त्यातून एक निदान मिळते. पत्रा काढल्यावर तापमान पाच अंशांहून जास्त उतरले तर कॅबिनेटला हवा मिळत नाही हे सिद्ध झाले आणि दुरुस्ती तिथे करायला हवी. फारसे उतरले नाही तर दोष हीटसिंकचा, थर्मल पेस्टचा किंवा खोलीचा. निदान झाल्यावर पत्रा परत लावावा. उघडे यंत्र म्हणजे धूळ, पाली आणि उंदीर यांना आवतण, आणि यात पालींचा त्रास शहरातल्या वाचकाला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

कूलरबद्दलही असेच गैरसमज आहेत. मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर फार चांगला चालतो. हवा ४० अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या जाळीतून येणारी हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरू शकते. खोली दहा-बारा अंशांनी उतरली की कॅबिनेटमधली प्रत्येक चिप तितकीच उतरते. इतका फायदा कॅबिनेटमधले पंखे बदलून कधीच मिळणार नाही. दमट हवेने यंत्रात पाणी धरेल ही भीती चालू यंत्राच्या बाबतीत खोटी आहे, कारण आतला प्रत्येक भाग खोलीपेक्षा गरम असतो आणि गरम पृष्ठभागावर दव धरत नाही. धोका उडणाऱ्या थेंबांचा आणि ओलीने चिकटणाऱ्या धुळीचा. कूलर खोलीत असावा, त्याचे तोंड कॅबिनेटकडे नसावे आणि खिडकी उघडी असावी. पावसाळ्यात मात्र, कपिलधारचा धबधबा वाहू लागतो त्या दिवसांत, हवाच ओली असल्याने कूलर काही करू शकत नाही.

कॉम्प्युटर टेबलाचा बंद कप्पा हा मात्र शत्रूच म्हणावा लागेल. तिन्ही बाजूंनी प्लायवुड, समोर दार आणि मागे भिंत. यंत्राने बाहेर फेकलेली गरम हवा कप्प्यातच फिरते आणि समोरून पुन्हा आत जाते. दर फेरीला ती थोडी आणखी तापते. अशा कप्प्यात चांगल्यात चांगले कॅबिनेट ठेवले तरी त्याची खोली आता कप्पा झाली आणि त्या खोलीचे तापमान पन्नासच्या घरात गेले. मागचे प्लायवुड काढून टाकले आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे आणले की एक रुपया न खर्चता जे मिळते ते कित्येकदा तीन नवे पंखे देऊ शकत नाहीत.

पंख्यांचा वेग आणि आवाज यांबद्दल एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वेग अर्धा केला की हवा अर्धी होते, दाब पावपट होतो आणि पंख्याला लागणारी वीज आठव्या हिश्शावर येते. आवाजही सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून एक छोटा पंखा जिवाच्या आकांताने फिरवण्यापेक्षा दोन मोठे सावकाश फिरवणे बरे. चार पिनांचे पंखे मदरबोर्डच्या सांगण्यावरून वेग बदलतात, तीन पिनांच्या पंख्यांचा वेग व्होल्टेज कमी करून उतरवावा लागतो आणि एसएमपीएसच्या वायरला थेट जोडलेला पंखा जन्मभर पूर्ण वेगाने ओरडत राहतो. स्वस्त कॅबिनेटबरोबर येणारे रंगीत दिव्यांचे पंखे पुष्कळदा या तिसऱ्या जातीचे असतात. दिव्यांना कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण समोर सगळी काच लावून तिच्यामागे तीन रंगीत पंखे ठेवलेली कॅबिनेटे गेल्या काही वर्षांत गावोगाव पोचली आहेत, आणि त्यांत हवा आत यायला बाजूची बोटभर फट तेवढी असते. हे पैसे दाखवण्यासाठी खर्च होतात, वाऱ्यासाठी नव्हे.

उष्णतेची भीतीही मापात असावी. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा तापमान आणि बिघाड यांचे नाते समजले जाई त्यापेक्षा बरेच सैल निघाले; अगदी गरम डिस्क वगळल्या तर जास्त गार ठेवलेल्या डिस्कच अधिक खराब झालेल्या दिसल्या. उलट एसएमपीएसमधल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. म्हणजे सगळेच भाग सारखे नाजूक नाहीत. प्रोसेसर ७५ अंशांवर आहे म्हणून झोप उडवून घेण्याची गरज नाही. एसएमपीएस जमिनीवरच्या सतरंजीत तोंड खुपसून बसला असेल तर मात्र काळजी करावी.

पुढच्या प्रकरणांत कॅबिनेटची निवड, फिल्टर, वायरी बांधण्याची पद्धत, लिक्विड कूलर कुठे बसवावा आणि जुन्या यंत्राची उन्हाळ्यापूर्वीची तपासणी हे विषय सविस्तर घेतले आहेत. लामिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून तालुक्याच्या गावी यंत्र जुळवणारे कारागीर डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. त्यामुळे भागांची नावे दुकानात बोलतात तीच ठेवली आहेत आणि ज्या वस्तू बीडच्या बाजारात मागवल्याशिवाय मिळत नाहीत त्यांना पर्याय सांगितले आहेत. कमाल कामगिरीच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांना हे पुस्तक कदाचित सौम्य वाटेल. त्यांच्यासाठी इतर भाषांत भरपूर साहित्य आहे.

वाचकाला एकच विनंती. पुढचे प्रकरण उघडण्याआधी आपल्या यंत्राचे तापमान भर दुपारी, रोजचे काम चालू असताना पाहून वहीत लिहावे. सोबत खोलीचे तापमानही लिहावे. मग समोरची जाळी पुसावी, कॅबिनेट भिंतीपासून ओढून घ्यावे आणि तासाभराने तेच दोन आकडे पुन्हा लिहावेत. नवा पंखा घ्यायचा की नाही, हे त्यानंतर ठरवावे.